डबल बेल

कुत्र्यांना मी घाबरते, हे खोली बघायला गेले तेव्हाच सांगून टाकलं होतं. त्यावर घरमालक म्हणाले, "ते तुझं तू त्यांच्याशी बोल. मी मध्ये पडत नाय."

मध्ये पडत नाही हे त्यांचं आवडतं वाक्य. रत्नागिरीत मी नोकरीला म्हणून आले, साताऱ्याकडची एकटी मुलगी, आणि कुवारबावच्या अलीकडे त्यांच्या चिऱ्याच्या कौलारू घरात पडवीलगतची खोली भाड्याने घेतली. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. मालक एसटीतून निवृत्त झालेले. शेवटची कित्येक वर्षं रत्नागिरीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि कर्ण्यावरून पुकारायच्या, एवढं आयुष्यभर केलेलं. नोकरी सुटली, पण पुकारणं सुटलं नाही. सकाळी अंघोळीचं पाणी तापलं की पडवीतून आवाज यायचा, "मोरीकडे जाणाऱ्यांनी तयार राहावं." मी साबण घेऊन धावत सुटायचे. पहिले काही दिवस त्याची चीड यायची, नंतर हा आवाज आला नाही तर अंघोळीला उशीर व्हायला लागला.

पडवीत बसायला खुर्ची नव्हती, एसटीचं बाकडं होतं. भंगारात निघालेल्या गाडीतलं हिरव्या रेक्झिनचं, दोन माणसांचं. खिडकीकडची जागा मालकांची. तिथे खिडकी नव्हती, पण जागा खिडकीचीच. आणि डोक्यावरून, कंडक्टर ओढतात तशी घंटेची दोरी पडवीभर ताणलेली. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. जेवायला पाटावर बसलं तरी डबल बेल झाल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, पदराने तोंड पुसत मला हळूच म्हणायची, "लग्नात सप्तपदी झाली, तेव्हापण यांनी भटजींना विचारलं होतं, निघायचं का म्हणून."

पाहुणा दारात आला की चप्पल काढायच्या आधी तिकीट दाखवायचं. मालक ते डोळ्यांपासून लांब धरून वाचायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि निकाल द्यायचे. "ड्रायव्हर हातखंब्याला चहाला थांबले वाटतं." नव्वद टक्के वेळा ते खरं निघायचं. स्वतःच्या घड्याळावर त्यांचा इतका विश्वास, की एकदा रेडिओवरच्या बातम्या लागल्या तेव्हा ते घड्याळ बघून म्हणाले, "बरोबर आहे रेडिओ."

आणि कुत्री दोन. एकाचं नाव राजापूर, आणि दुसरीचं दाभोळ.

राजापूर तांबडा, पाडसाएवढा, शेपटीला पांढरा गोंडा. तो पिल्लू असताना राजापूरच्या गाडीत कुणाच्या तरी फणसाच्या पोत्यामागून आपणहून चढला आणि रत्नागिरीला सगळी माणसं उतरली तरी उतरला नाही. मालकांनी त्याच्यासाठी कर्ण्यावरून पुकारा केला होता. "राजापूर गाडीने आलेला, वर्ण तांबूस, शेपटीचं टोक पांढरं, ज्यांचा असेल त्यांनी नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा." दिवसभर पुकारलं. कोणी आलं नाही, म्हणून संध्याकाळी घरी घेऊन आले. दाभोळ काळीभोर, अंगाने राजापूरच्या खालोखाल. दाभोळचा एक ड्रायव्हर तिला मासळीच्या टोपल्यांशेजारी बसवून घेऊन आला होता, तेव्हापासून बांगड्याच्या डोक्याखेरीज ती भाताला तोंड लावत नसे. दोघं दुपार कलली की अंगणात आपापल्या जर्मनच्या ताटासमोर बसायची. आधी राजापूर, मग दाभोळ. भात, त्यावर मासळीची डोकी, वास दरवळतोय, लाळ गळून जमीन ओली झालीय, पण डबल बेल होईपर्यंत नाक खाली जायचं नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझी भीती निम्मी कमी झाली. एवढी शिस्त आमच्या ऑफिसात कुणाला नव्हती.

"यांना शिकवलंत कसं?" मी विचारलं.

"मी कशाला शिकवू? स्टँडवर वाढलेली आहेत."

मालकांना एकच मुलगा. तो चांगला नोकरीला होता, उक्षीच्या स्टेशनात. उक्षी म्हणजे रेल्वेचं स्टेशन, आणि घरात नेमकं हेच बोलायचं नसे. रेल्वे हा शब्द मालक उच्चारत नसत. म्हणायचे, "ती." घरापासून थोड्या अंतरावरून ती जायची, शिट्टी स्वच्छ ऐकू यायची, तेव्हा हे मान दुसरीकडे फिरवायचे. मुलगा सुट्टीला घरी यायचा तो तिनेच. पण काकूने त्याला शिकवून ठेवलेलं, की स्टेशनातून बाहेर आलास की एसटीत बस, दोन थांबे ये, आणि ते तिकीट दाखव. तो बिचारा तसं करायचा. बापूस तिकीट लांब धरून वाचायचा, घड्याळ बघायचा, आणि "ये" म्हणायचा. दोघांत संभाषण असं एवढंच.

मला कुतूहल होतं. माणूस रेल्वेवर रागावतो एकवेळ, पण पोटच्या पोरावर? एकदा तांदूळ निवडताना काकूनेच सांगितलं. मुलाला एसटीतच लागायचं होतं, बापासारखं. मुंबईला मुलाखत होती. सकाळच्या गाडीत बसला आणि लक्षात आलं की सर्टिफिकिटं घरीच राहिली. धावत सुटला. तो परत येईपर्यंत सुटायची वेळ झाली. ड्रायव्हर ओळखीचा, तो म्हणाला, साहेब, पोरगा येतोय, दिसतोय बघा फाटकात. "यांनी पोराला बघितलं," काकू म्हणाली, "मग घड्याळ बघितलं, आणि शिट्टी मारली. पोरगा हातात फाइल घेऊन गाडीमागे धावत होता. गेली गाडी. गेली ती नोकरी."

मी मालकांना पुढे कधीतरी धीर करून विचारलंच. ते बाकड्यावर खिडकीकडे सरकून बसले. "गाडीत पंचावन्न माणसं होती. कुणाचं कोर्ट, कुणाचं मयत. ती पंचावन्न एकासाठी थांबवायची? आणि का, तर तो कंट्रोलरचा पोर?" माणूस बरोबर असला की त्याच्याशी भांडताच येत नाही, आणि घरच्यांची तर फार पंचाईत होते. दोन वर्षांनी रेल्वेची भरती निघाली तेव्हा मुलाने अर्ज करताना घरी विचारलं नाही.

असा हा मुलगा, थंडी सरत आली होती तेव्हा, एका रविवारी आंब्याची रिकामी पेटी घेऊन दारात उभा राहिला. पेटीत गवत, गवतात पिल्लू. मुठीएवढं डोकं, कान एक उभा, एक पडलेला, रंग भिजलेल्या राखेसारखा.

"तिकीट," मालक म्हणाले.

मुलाने खिशात हात घातला, आणि मग काढून घेतला. "बाबा, रेल्वेने आणलंय हिला. मी पण रेल्वेनेच येतो. दर वेळी."

काकूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. राजापूर उठून उभा राहिला होता, पाठीवरचे केस ताठ. मुलगा घाईघाईने बोलत गेला, की हिची आई फलाटावरच असायची, काही दिवसांपूर्वी दिसेनाशी झाली, गाडी आली की ही डब्यांच्या दारादारातून बिस्किटं मागत हिंडते, एखाद्या दिवशी चाकाखाली जाईल. मला क्वार्टरमध्ये ठेवता येत नाही. तुम्ही ठेवून घ्या.

मालकांनी पेटीत वाकून पाहिलं नाही. दोन्ही कुत्र्यांकडे पाहिलं. "शिमग्यापर्यंत राहू दे. तोवर या दोघांनी जागा दिली तर ठेवू. नाय दिली तर आलं तसं परत. मी मध्ये पडणार नाय."

"नाव काय ठेवायचं?" काकू म्हणाली.

"ज्या गावाहून एसटीने येतो त्याचं नाव त्याला मिळतं. हिला नाव नाय."

मुलगा पाणी पिऊन गेला. काकू फाटकापर्यंत पोचवायला गेली, ती परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मला म्हणाली, "पिल्लू राहिलं तर त्याच्या निमित्ताने पोरगा येत राहील गो. परत पाठवलं तर तो काय समजायचं ते समजेल." तेव्हापासून मीच शिमग्याचे दिवस मोजायला लागले.

पहिल्याच दिवशी पिल्लू राजापूरच्या ताटात शिरलं. राजापूरने काय करावं? तिचं अख्खं डोकं तोंडात घेतलं. मी किंचाळले आणि केरसुणी घेऊन धावले. मालकांनी बसल्या जागेवरून दोरी ओढली. एक टोल. मी थांबले, कुत्रा नव्हे.

"जबडा बघ," ते म्हणाले. "मिटलाय का?"

मिटला नव्हता. राजापूरने तिला तशीच क्षणभर धरली आणि थुंकून टाकावं तशी बाजूला सोडली. पिल्लाच्या डोक्यावर नुसती लाळ. ती शिंकली आणि मागे सरकून बसली.

"बघ आता," मालक म्हणाले, "गाडीत जागेवरून भांडण झालं तर कंडक्टर मध्ये पडतो का? नाय पडत. पडला तर दोघं मिळून कंडक्टरला मारतात. दोन थांबे जाऊ दे. घाट लागला की आपोआप एकमेकांच्या खांद्यावर झोपतात."

पिल्लाला ताट नव्हतं, करवंटी होती, दाभोळच्या पलीकडे शेवटाला. दाभोळने तिची दखलच घेतली नाही. पिल्लू शेपटीला लोंबकळलं तर ती उठून दुसरीकडे जाऊन बसायची, एखादी मानी बाई गर्दीत पदर सोडवून घेते तशी. राजापूर मात्र बघत असायचा. आणि एके दिवशी मी जे पाहिलं ते मला कोणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं. भात वाढून झाला होता, बेल व्हायची होती, पिल्लू आपल्या करवंटीकडे झेपावलं. राजापूर उठला, दाभोळला वळसा घालून आला, आणि आपला पुढचा पंजा पिल्लाच्या पाठीवर ठेवला. दाबला नाही, ठेवला. पिल्लू पोटावर सपाट. डबल बेल झाली आणि पंजा उचलला. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभराने पंजा नुसता हवेत उचलला तरी ती बसायला लागली, आणि मग तेही लागेना.

"बघा, दिली की नाही जागा!" मी म्हटलं.

"ह्या! ही तर शिस्त. जागा देणं म्हणजे आपण सरकणं. दोघांपैकी सरकलंय का कोण?"

सरकलं नव्हतं. रात्री दोघं पडवीत पायपुसण्यावर अंगाला अंग लावून झोपायची, आणि पिल्लू पायरीवर.

याच सुमाराला मालकांना वेगळीच खोड लागली. पिल्लू दिवसातून काही ठरावीक वेळा एकदम उठून फाटकाशी जाऊन बसतं, शेपूट हलवत, हे आधी माझ्या लक्षात आलं. थोड्या वेळाने शिट्टी वाजायची. फलाटावर वाढलेली ती, गाडी म्हणजे बिस्किट. पण शिट्टी वाजायच्या कितीतरी आधी तिला कळायचं. उभा कान थरथरायचा, मग पडलेला कान अर्धा उठायचा, आणि ती निघायची. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "योगायोग." आणि दुसऱ्या दिवसापासून घड्याळ मांडीवर घेऊन बसले.

ज्या माणसाने 'ती'चं नाव घेतलं नाही त्याला आता 'ती'चं सगळं वेळापत्रक तोंडपाठ झालं. पिल्लाला मागच्या खोलीत कोंडून पाहिलं, तरी ती वेळेला दाराशी. वाऱ्यावर येत असेल म्हणून सगळ्या खिडक्या लावून पाहिलं, तरी तेच. मग म्हणाले, जमिनीतून येत असेल. आणि एके दुपारी मालक पडवीच्या फरशीवर पालथे झोपून, कान जमिनीला लावून पडले. शेजारच्या वहिनी कोकमं मागायला आल्या, त्यांनी हे दृश्य बघून "अगो, काकांना काय झालं!" म्हणून हंबरडा फोडला. काकू आतून धावत आली. मालकांनी जमिनीवरूनच हात वर केला. "शांतता ठेवावी. गाडी येते आहे."

"आली ऐकू?" मी विचारलं.

"नाय. पण हिला आली." मग शिट्टी झाली. मालकांनी घड्याळ पाहिलं आणि तोंड कडू केलं. "वेळेवर आली मेली."

वेळेवर येते याचा त्यांना जास्त राग यायचा, हे मला तेव्हा कळलं. पुढे पुढे तर शिट्टी जराशी लांबली की ते अस्वस्थ व्हायचे, कुणाला सांगायचे मात्र नाहीत.

शिमगा आला. पालखी वाडीवाडीत फिरत आमच्या अंगणात आली ती टळटळीत दुपारी, ढोल-ताशांसह. काकूने ओटी भरली, मालकांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने देवाला जे जे मागितलं त्याला आम्ही सगळे "व्हय महाराजा" म्हणत गेलो. काकू इतरांपेक्षा मोठ्याने म्हणत होती. पालखी नाचवली, गुलाल उडाला, राजापूर आणि दाभोळ वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखी कोपऱ्यात जांभया देत बसली. गर्दी पांगली, काकूने भात कालवला, दोन ताटं आणि करवंटी भरली. मालक बाकड्यावर बसले. वेळ झाली. डबल बेल.

कुणी खाल्लं नाही.

मालकांना वाटलं ढोलांनी कान बसले असतील, त्यांनी पुन्हा दोरी ओढली. राजापूर ताटासमोर तसाच. दाभोळसमोर त्या दिवशी सणाचा म्हणून अख्खा बांगडा होता, तिची लाळ गळत होती, आणि तीही नुसती बसलेली. मग आम्हाला दिसलं, की करवंटीपुढे कोणी नाही. ढोलाला भ्यालेलं पिल्लू केव्हा पळालं ते कुणालाच कळलं नव्हतं.

"तुम्ही खा रे," काकू गहिवरून म्हणाली. राजापूर उठला. तो भरलं ताट सोडून कधी उठलेला मी पाहिला नव्हता, पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हाही नाही. तो सावकाश फाटकाशी जाऊन बसला, आणि त्याच्या मागून दाभोळ.

मालकांच्या हातात दोरी तशीच होती. ते बराच वेळ त्या दोघांच्या पाठींकडे बघत होते. मग इतक्या बारीक आवाजात, की मला वाटलं मला सांगतायत, म्हणाले, "थांबलीयत. दोन बेल झाल्या तरी थांबलीयत."

त्यांनी दोरी सोडली, चपला घातल्या. मला म्हणाले, "चल गो."

कुठे ते विचारायची गरज नव्हती. राजापूर पुढे, दाभोळ मागे, मधून आम्ही, कपाळावर गुलाल तसाच. रत्नागिरी स्टेशनच्या चढणीवर मालकांना दम लागला, पण थांबले नाहीत. आत शिरायच्या आधी मात्र खिडकीवर गेले आणि म्हणाले, "दोन माणसं, दोन कुत्री. फलाटाचं द्या." आतला माणूस म्हणाला, काका, कुत्र्यांना लागत नाही. "मग नियम काढा," म्हणाले, आणि आमची दोन तिकिटं घेऊन मुठीत धरली.

आयुष्यात पहिल्यांदा ते त्या फलाटावर उभे होते. गाडी नव्हती, सगळं मोकळं. फलाटाच्या टोकाला, एका बाकाखाली, राखी रंगाचं काहीतरी मुटकुळं करून पडलं होतं. मी हाक मारणार तोच मालकांनी हात आडवा धरला. "त्यांना जाऊ दे."

राजापूर गेला. तिला वास घेऊन पाहिलं, आणि खाली बसला. पिल्लू उठून थेट त्याच्या पोटाशी शिरलं. दाभोळ पोचली, जरा वेळ उभी राहिली, आणि मग तिने राजापूरला नाकाने ढोसलं. तो एवढा थोरला कुत्रा, कुरकुरत, हातभर सरकला. मधे जागा झाली. दाभोळ पिल्लाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिच्या कानावरचा गुलाल चाटायला लागली.

मी मालकांकडे पाहिलं. ते तिकडे बघत नव्हते. मान वर करून फलाटावरचं घड्याळ बघत होते. मग मनगटावरचं बघितलं, आणि माझ्याकडे पाठ करून, किल्ली फिरवून, हळूच लावून घेतलं. मी पाहिलं हे त्यांना कळलं असावं. परतताना, पिल्लू सदऱ्यात घेऊन, स्वतःहून म्हणाले, "मला काय कळत नव्हतं काय? दोन थांब्यांचं तिकीट काढून इतक्या लांबून कोण येतो? दर वेळी वाचायचो ना मी." चार पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पण दाखवायचा तरी. कायतरी दाखवायचा."

फाटकात काकू उभी होती. मालकांनी पिल्लू तिच्या हातात दिलं आणि स्टँडवरच्या आवाजात, वाडीला ऐकू जाईल असं पुकारलं, "उक्षीहून आलेली उक्षी!" काकू रडायलाच लागली. त्या दिवशी करवंटी गेली आणि तिसरं ताट आलं, दोघांच्या मधे.

त्यानंतरच्या रविवारी मुलगा येणार होता. काकू सकाळपासून फाटकाकडे खेपा घालत होती. दुपार कलली, तिन्ही ताटं वाढली गेली, तिघं ओळीत बसली, दोन थोर आणि मधे ही चिमूट. मालक बाकड्यावर, हात दोरीला. वेळ झाली. घड्याळ बघितलं. दोरी ओढली नाही.

माझ्या तिथल्या सगळ्या काळात ती बेल कधी चुकलेली मी ऐकली नव्हती. काकू आतून आली. "वेळ झाली ना हो?"

"झाली."

"मग?"

"एक माणूस यायचाय."

काकू दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. राजापूरने एकदा मान वळवून मालकांकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे बघू लागला. मग उक्षीचा उभा कान थरथरला, दुसरा अर्धा उठला, आणि ती ताट सोडून फाटकाशी धावली. बऱ्याच वेळाने शिट्टी झाली. आणि त्याहूनही बऱ्याच वेळाने, स्टेशनकडच्या रस्त्याच्या वळणावर मुलगा दिसला. तो एसटीत बसला नव्हता, पायी येत होता. वाढलेली ताटं, बसलेली कुत्री, दोरी धरलेला बाप हे त्याला लांबूनच दिसलं असणार. उशीर झालाय हे त्याला कळलं आणि जुन्या सवयीने तो धावायला लागला, पिशवी छातीशी धरून.

मालक बाकड्यावरून उठले, दोरी न सोडता, आणि साऱ्या स्टँडला ऐकू जायचं तसं ओरडले, "पळू नको रे! गाडी थांबवून ठेवलीय!"